एगरसेगीचे दोनशे मीटर

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील कोलंबिया शहरात झिम्बाब्वेची कर्स्टी कॉव्हेंट्री २०० मीटर बॅकस्ट्रोक २ मिनिटे ६.३९ सेकंदांत पोहली आणि जागतिक विक्रमांच्या तक्त्यातली एक फार जुनी ओळ पुसली गेली. ती ओळ हंगेरीच्या क्रिस्टिना एगरसेगीची होती. २ मिनिटे ६.६२ सेकंद, अथेन्स, २५ ऑगस्ट १९९१. हा विक्रम झाला तेव्हा कॉव्हेंट्री आठ वर्षांचीही नव्हती. मधल्या साडेसोळा वर्षांत चार ऑलिंपिक होऊन गेली, सोव्हिएत संघ नकाशावरून गेला, पोहण्याचे पोशाख आणि सरावाच्या पद्धती बदलल्या. पण सतरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम नऊ दिवस झालेल्या एका मुलीने दिलेली वेळ तोवर कुणालाही गाठता आली नव्हती.

एगरसेगीचे नाव आज तिच्या देशाबाहेर फारसे घेतले जात नाही. फेल्प्स, स्पिट्झ, लेडेकी ही नावे जलतरण न पाहणाऱ्यांनाही ठाऊक असतात. तिच्या वाट्याला ते आले नाही. याचे एक कारण पदकांच्या मोजणीत आहे. ऑलिंपिकमधली तिची एकूण पदके सात : पाच सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. पण ही सातही पदके वैयक्तिक शर्यतींमधली आहेत. बलाढ्य देशांच्या जलतरणपटूंना रिलेत तीन सोबती मिळतात आणि पदकांची संख्या वाढते; हंगेरीच्या मुलींचा रिले संघ त्या काळात पदकाच्या आसपासही नसे. तिने जे मिळवले ते तिने एकटीने, स्वतःच्या लेनमध्ये मिळवले. पाच वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली महिला जलतरणपटू. महिलांमध्ये हा आकडा ओलांडायला २०२१ साल उजाडले. टोकियोत केटी लेडेकीने १५०० मीटर जिंकून तिच्याशी बरोबरी केली आणि ८०० मीटर जिंकून ती पुढे गेली.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तिची कारकीर्द सेऊल ते अटलांटा, म्हणजे १९८८ ते १९९६ या आठ वर्षांत घडली, आणि महिला जलतरणाच्या इतिहासात इतकी गढूळ वर्षे दुसरी क्वचितच असतील. तिच्या प्रत्येक मोठ्या शर्यतीच्या मागे एखादी सावली आहे. त्या सावल्या बाजूला सारून तिच्याकडे पाहता येत नाही, आणि पाहूही नये, कारण त्यांच्यामुळेच तिच्या कामगिरीचे खरे माप कळते.

तिचा जन्म १६ ऑगस्ट १९७४ चा, बुडापेस्टचा. चौथ्या वर्षी ती पाण्यात उतरली. हंगेरी हा चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश. पण गरम पाण्याचे झरे, स्नानगृहे आणि तलाव तिथल्या रोजच्या जगण्यातच आहेत. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये जलतरणातली दोन सुवर्णपदके जिंकणारा आल्फ्रेड हायोश हंगेरियन होता. पुढे तो वास्तुविशारद झाला आणि बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावरचा राष्ट्रीय जलतरण तलाव त्यानेच बांधला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या पाच जलतरण शर्यती होत्या आणि त्यांतल्या चार हंगेरीच्या मुलींनी जिंकल्या. निसटली ती एकच, १०० मीटर बॅकस्ट्रोक. तिथे दक्षिण आफ्रिकेची जोन हॅरिसन पहिली आली. हेलसिंकीत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकणाऱ्या एवा सेकेयचीच मुलगी आन्द्रेआ ग्यार्माती १९७२ मध्ये म्युनिकला १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये दुसरी आली. पुरुषांमध्ये १९८० मध्ये मॉस्कोत शान्दोर व्लादारने २०० मीटर बॅकस्ट्रोकचे सुवर्ण मिळवले. पण हेलसिंकीनंतर हंगेरीच्या एकाही महिलेला ऑलिंपिक जलतरणात सुवर्ण मिळाले नव्हते. सेऊलच्या तलावात एगरसेगी उतरली तेव्हा या दुष्काळाला छत्तीस वर्षे झाली होती.

बॅकस्ट्रोक ही चारही प्रकारांतली एकटी अशी शर्यत, जिची सुरुवात पाण्यातून होते. जलतरणपटू भिंतीला पाय टेकवून, हातांनी दांडी धरून दबा धरते आणि इशारा होताच मागे झेपावते. पुढचे काहीच दिसत नाही. भिंत जवळ आल्याचे कळते ते भिंतीपासून पाच मीटरांवर डोक्यावर आडव्या लावलेल्या पताकांवरून. पताका मागे गेल्या की किती हात मारायचे हे सरावाने अंगात मुरलेले असावे लागते. बंदिस्त तलावात छताच्या तुळयांकडे पाहून सरळ रेषा पकडता येते. उघड्या तलावात वर नुसते आकाश असते. डोके हलले की कंबर खाली जाते आणि कंबर खाली गेली की पाणी अडते. एगरसेगीचे डोके स्थिर राहत असे. तिच्या शर्यतींची चित्रणे पाहिली तर पहिल्यांदा जाणवतो तो तिचा शांतपणा. शरीर पाण्यात उंच, खांदे आळीपाळीने वर येणारे, हातांची लय पहिल्या पन्नास मीटरांत आणि शेवटच्या पन्नास मीटरांत जवळपास सारखीच. तिचे प्रशिक्षक होते लास्लो किश. (अनेक वर्षे हंगेरीचे मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या किश यांना २०१६ मध्ये ते पद सोडावे लागले, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका तरुणीवरील बलात्काराच्या खटल्यात त्यांना झालेली शिक्षा तेव्हा उजेडात आली. हंगेरीच्या जलतरणाचा कोणताही मागोवा आता ही नोंद टाळून लिहिता येणार नाही.)

सेऊल. सप्टेंबर १९८८. आपल्याकडे आठवी-नववीत असते त्या वयाची, ४५ किलो वजनाची मुलगी. २०० मीटरच्या अंतिम शर्यतीतल्या इतर सात जणींपैकी सर्वांत हलकी तिच्यापेक्षा १९ किलोंनी जड होती. हंगेरीभर तिला ‘एगेर्के’, म्हणजे उंदराचे पिल्लू, म्हणत. आडनावावरून पडलेले हे लाडाचे नाव त्या शर्यतीत तिला शोभून दिसले.

आधी १०० मीटरची शर्यत झाली. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टिन ओटोने ती १ मिनिट ०.८९ सेकंदांत जिंकली. एगरसेगी १ मिनिट १.५६ सेकंदांत दुसरी. तिच्या मागे एका शतांशाने कॉर्नेलिया झिर्श होती, २ मिनिटे १० सेकंदांच्या आत २०० मीटर पोहलेली जगातली पहिली स्त्री. तीन दिवसांनी २०० मीटर. या शर्यतीत झिर्श आणि काथ्रिन त्सिमरमान या दोन्ही पूर्व जर्मन मुलींना मागे टाकत एगरसेगीने २ मिनिटे ९.२९ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला. त्सिमरमान सव्वा सेकंदाहून अधिक मागे राहिली. हंगेरीच्या टीव्हीवर समालोचक तामाश वित्राय तिला त्या लाडक्या नावानेच हाका घालत होते, आणि त्या पिढीच्या हंगेरियन माणसाला ते समालोचन आजही आठवते. १४ वर्षे आणि जेमतेम सहा आठवडे वयाची ती त्या वेळची जलतरणातली सर्वांत लहान ऑलिंपिक विजेती ठरली. हा मान तिच्याकडे चार वर्षे राहिला. बार्सिलोनात जपानच्या क्योको इवासाकीने १४ वर्षे ६ दिवसांची असताना २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकली.

आता त्या तलावातले इतर निकाल पाहावेत. सेऊलला महिलांच्या १५ शर्यती होत्या. दहा पूर्व जर्मनीने जिंकल्या. उरलेल्या पाचांपैकी तीन अमेरिकेच्या जॅनेट इव्हान्सने, एक बल्गेरियाच्या तान्या डांगालाकोव्हाने आणि एक एगरसेगीने. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीची कागदपत्रे बाहेर आली आणि अनेक वर्षांचा संशय खरा ठरला. हजारो खेळाडूंना, त्यांतल्या कित्येक कोवळ्या मुलींना, सरकारी योजनेखाली पुरुषी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जात होत्या. मुलींना ती जीवनसत्त्वे असल्याचे सांगितले जाई. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने या यंत्रणेचे सूत्रधार मानफ्रेड एवाल्ड आणि मानफ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरवले. त्या मुलींवर राग धरणे चुकीचे होईल. त्यांच्या शरीरांशी जे झाले त्याची किंमत त्यांनीच पुढे भोगली. पण त्या यंत्रणेसमोर पोहणे म्हणजे काय होते हे समजून घ्यायला हवे. मोठमोठे संघ सेऊलला जाताना पूर्व जर्मनीच्या मागे तिसऱ्या क्रमांकाचा विचार करत. तिथे ४५ किलोची मुलगी पुढे निघून गेली.

पुढच्या वर्षी बॉनच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत पूर्व जर्मन मुलींनी हिशेब चुकता केला. एगरसेगीला सुवर्ण मिळाले नाही, तिन्ही पदके रौप्य. चौदाव्या वर्षी जग जिंकलेल्या कित्येक मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी शरीर बदलले की मागे पडतात आणि पुन्हा दिसत नाहीत. तिचे तसे झाले नाही. जानेवारी १९९१ मध्ये पर्थच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिने बॅकस्ट्रोकच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. मग ऑगस्टमध्ये अथेन्स.

अथेन्सचा तो आठवडा तिच्या कारकिर्दीचे शिखर म्हणावा असा. १०० मीटरमध्ये तिने १ मिनिट ०.३१ सेकंदांची वेळ देऊन पूर्व जर्मनीच्या इना क्लेबरचा १९८४ पासूनचा जागतिक विक्रम मोडला. तीन दिवसांनी २०० मीटरचा. आधीचा विक्रम अमेरिकेच्या बेट्सी मिचेलचा होता, १९८६ पासूनचा, २ मिनिटे ८.६० सेकंदांचा. एगरसेगीने त्यातून एका झटक्यात जवळजवळ दोन सेकंद काढून टाकले. या अंतरावर विक्रम सहसा दशांशांनी मोडतात. दोन सेकंदांची उडी म्हणजे विक्रमधारक तीन मीटर मागे राहील एवढे अंतर. याच स्पर्धेत तिने ४०० मीटर वैयक्तिक मेडलेही जिंकली.

मेडलेबद्दल थोडे सांगायला हवे. यात बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल असे चारही प्रकार ओळीने पोहावे लागतात. बॅकस्ट्रोकच्या जलतरणपटूला दुसऱ्या टप्प्यात आघाडी मिळते आणि तिसऱ्या टप्प्यात ती जपावी लागते. बार्सिलोनात १९९२ मध्ये तिची पहिली अंतिम शर्यत हीच होती. चीनची लिन ली शेवटच्या लांबीत तिच्यापर्यंत येऊन भिडली होती. निकाल : एगरसेगी ४ मिनिटे ३६.५४, लिन ली ४ मिनिटे ३६.७३. अमेरिकेची समर सँडर्स तिसरी. चारशे मीटरनंतर फरक ०.१९ सेकंदांचा, म्हणजे जेमतेम फूटभराचा. तिची पाच सुवर्णपदके पाहिली तर सर्वांत कष्टाचे हेच होते असे वाटते, कारण ते तिच्या घरच्या मैदानाबाहेरचे होते.

बाकीची दोन तिने सहज मिळवली. १०० मीटर १ मिनिट ०.६८ सेकंदांत, दुसरी आली तिचीच देशबांधव ट्युंडे साबो, जी पुढे हंगेरीच्या सरकारात क्रीडा खात्याची राज्य सचिव झाली. २०० मीटर २ मिनिटे ७.०६ सेकंदांत, दुसऱ्या आलेल्या जर्मनीच्या डागमार हाझेपेक्षा दोन सेकंदांहून पुढे. दोन्ही वेळा ऑलिंपिक विक्रम. बार्सिलोनाच्या तलावात, पुरुष आणि महिला दोन्ही धरून, तीन वैयक्तिक सुवर्णपदके मिळवणारी ती एकटी. हंगेरीने त्या ऑलिंपिकमध्ये ११ सुवर्णपदके मिळवली. पाच जलतरणात, त्यांतली तीन तिची आणि दोन तामाश दार्नीची. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचा, नुकताच साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेला आणि पैशाची चणचण सोसणारा देश होता तो. पुढच्या वर्षी शेफिल्डच्या युरोपीय स्पर्धेत तिने चार सुवर्णपदके जिंकली आणि त्यांत २०० मीटर बटरफ्लायही होते.

मग रोम आले. सप्टेंबर १९९४ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांच्या १६ शर्यतींपैकी १२ चीनने जिंकल्या. चिनी जलतरणपटू हे त्सिहोंगने बॅकस्ट्रोकची दोन्ही सुवर्णपदके घेतली आणि एगरसेगीचा १०० मीटरचा जागतिक विक्रमही मोडला. २०० मीटरमध्ये एगरसेगी दुसरी आली. इतर देशांच्या प्रशिक्षकांनी उघड संशय व्यक्त केला. महिन्याभरातच हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत चीनचे ११ खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी आढळले, त्यांत सात जलतरणपटू होते. हे त्सिहोंगचे नाव त्या यादीत नव्हते, आणि ते तसेच नोंदवले पाहिजे. पण सेऊलला पूर्व जर्मनीची भिंत ओलांडून आलेल्या एगरसेगीसमोर सहा वर्षांनी दुसरी भिंत उभी राहिली होती, हेही तितकेच खरे. या सगळ्या काळात तिच्या स्वतःच्या नावावर असा कोणताही ठपका आला नाही.

रोमनंतर ती थांबली असती तरी तिला कुणी दोष दिला नसता. ती थांबली नाही. १९९५ मध्ये व्हिएन्नाच्या युरोपीय स्पर्धेत तिने २०० मीटर पुन्हा जिंकली, आणि ‘स्विमिंग वर्ल्ड’ या मासिकाने १९९१ आणि १९९२ प्रमाणे त्याही वर्षी तिला जगातली सर्वोत्तम महिला जलतरणपटू ठरवले.

अटलांटा, १९९६. सुरुवात ४०० मीटर मेडलेने झाली. आयर्लंडची मिशेल स्मिथ पहिली, अमेरिकेची ॲलिसन वॅग्नर दुसरी आणि एगरसेगी ४ मिनिटे ४२.५३ सेकंदांत तिसरी. स्मिथच्या अचानक झालेल्या प्रगतीबद्दल त्याच आठवड्यात प्रश्न विचारले गेले. १९९८ मध्ये चाचणीच्या नमुन्यात फेरफार केल्याबद्दल तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. तिने आरोप नाकारले आणि अटलांटाची पदके तिच्याकडेच राहिली. मात्र या शर्यतीतल्या एगरसेगीच्या कांस्यपदकाचे सगळे खापर दुसऱ्यावर फोडणे बरोबर नाही. चार वर्षांपूर्वीच्या आपल्याच वेळेपेक्षा ती सहा सेकंद मागे होती. बार्सिलोनाची एगरसेगी त्या दिवशी पोहली असती तर सुवर्ण तिचेच होते.

१०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ती अटलांटात उतरलीच नाही. अमेरिकेच्या पंधरा वर्षांच्या बेथ बॉट्सफर्डने ती १ मिनिट १.१९ सेकंदांत जिंकली. एगरसेगीची १९९१ ची वेळ याहून जवळपास नऊ दशांशांनी सरस होती. बॅकस्ट्रोकमध्ये तिने ताकद २०० मीटरसाठी राखली होती.

२५ जुलै. २०० मीटरची अंतिम शर्यत. या शर्यतीबद्दल चुरशीच्या भाषेत काहीच सांगता येत नाही, कारण चुरस नव्हती. एगरसेगी २ मिनिटे ७.८३ सेकंदांत भिंतीला टेकली. दुसरी आलेली अमेरिकेची व्हिटनी हेजपेथ २ मिनिटे ११.९८ सेकंदांत आली, तिसरी जर्मनीची कॅथलीन रुंड तिच्या मागोमाग. फरक ४.१५ सेकंदांचा. पाण्यावर मोजला तर सहा मीटरांहून अधिक. विजेती भिंतीवर हात ठेवून मागे वळते तेव्हा दुसरी अजून पताकांखालीही आलेली नसते, असे दृश्य ऑलिंपिक अंतिम शर्यतीत कधीतरीच दिसते. विशेष म्हणजे ही वेळ तिच्या स्वतःच्या बार्सिलोनाच्या वेळेपेक्षा कमी प्रतीची होती. तिचा वेग थोडा उतरला होता. तरीही तिच्या जवळ कुणी नव्हते.

एकच शर्यत सलग तीन ऑलिंपिकमध्ये जिंकणारी ती जलतरणाच्या इतिहासातली दुसरी व्यक्ती. पहिली ऑस्ट्रेलियाची डॉन फ्रेझर, जिने १९५६, १९६० आणि १९६४ मध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली होती. पुरुषांना ही गोष्ट जमायला २०१२ पर्यंत थांबावे लागले. लंडनमध्ये मायकेल फेल्प्सने ती करून दाखवली.

अटलांटानंतर एगरसेगीने पोहणे सोडले. वय २२. आजच्या काळात या वयात जलतरणपटूची खरी कारकीर्द सुरू होते असे म्हणता येईल. लेडेकी २७ व्या वर्षी पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकत होती. पण एगरसेगीच्या मागे तोवर तीन ऑलिंपिक आणि पहाटेच्या सरावाची अठरा वर्षे होती. पुढे तिने संसार केला, मुले वाढवली आणि प्रसिद्धीच्या झोतापासून लांब राहिली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण गौरवदालनात तिचा समावेश झाला.

तिच्या मागे हंगेरीत कतिन्का होस्सू आली. २०१६ मध्ये रिओत तिने १०० मीटर बॅकस्ट्रोकसह तीन वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, बार्सिलोनाच्या एगरसेगीइतकीच. पण २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये अमेरिकेच्या माया डिराडोने तिला सहा शतांशांनी हरवले. २०२४ मध्ये पॅरिसला पुरुषांची हीच शर्यत हंगेरीच्या ह्युबर्ट कोशने जिंकली. कॉव्हेंट्रीने २००४ आणि २००८ अशी दोनदा महिलांची शर्यत जिंकली. लंडनमध्ये तिसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा अमेरिकेच्या मिसी फ्रँकलिनने जागतिक विक्रमासह सुवर्ण नेले. कॉव्हेंट्री पुढे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पहिली महिला अध्यक्ष म्हणून निवडून आली.

महिलांची २०० मीटर बॅकस्ट्रोक १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. ती तीनदा जिंकणारी आजवर एकच आहे. ऑस्ट्रेलियाच्या केली मॅकीऑनने टोकियोत आणि पॅरिसमध्ये ती जिंकली आहे, आणि जागतिक विक्रमही आता तिचाच आहे, २ मिनिटे ३.१४ सेकंद. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वेळी ती २७ वर्षांची असेल. तिसरे सुवर्ण जिंकले त्या दिवशी एगरसेगीला बावीस पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते.